डोक्यावरचा आंबिया बहार

कापड उद्योगात रंग आधी चिंधीवर पाहतात. नांदगाव पेठच्या टेक्सटाइल पार्कशेजारचे पोट्टे मात्र थेट डोक्यावरच पाहतात. हवा असतो राखाडी. पण ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड काळ्या केसातलं मेलॅनिन फोडत निघालं, की वाटेत आधी नारिंगी लागतो. तिथंच पैसे संपतात, नाहीतर धीर. मग बाप विचारतो, "काय बे, यंदा संत्र्याचा आंबिया बहार डोक्यावर धरला काय?"

बापानं खरं तर बोलू नये. 2003 साली 'तेरे नाम' सिनेमा आला, तेव्हा मधोमध भांग पाडून, डोळ्यांवर झुलपं सोडून सायकलीसकट खांबाला धडकणारी पिढी हीच. पुरावा मामाच्या लग्नाच्या अल्बमात आहे, आणि मायनं तो पाहुण्यांसाठी टीव्हीखालीच ठेवलाय.