नानांचा चौमहल्ला

सुलतान बाजारातल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक नाना असतात. लग्नात पंगती बसवायच्या, गणपतीत वर्गणीची वही सांभाळायची आणि उरलेलं वर्षभर सहलीचे बेत आखायचे. सहल कुठली, तर चौमहल्ला पॅलेसची. पुतळीबावलीवरून अफझलगंज, नयापूल ओलांडून चारमिनार, बाजूला वळलं की खिलवत. ऑटोवाल्याशी भाव ठरेपर्यंत निम्मी वाट चालून होईल. नाना मात्र याला ‘दौरा’ म्हणतात.

“शुक्रवारी बंद असतो,” हे ते अशा दबक्या आवाजात सांगतात, की खुद्द निजामाने कानात सांगितलं असावं. राजवाडा उघडतो 10 वाजता, म्हणून निघायचं साडेसातला. मधला वेळ ‘हाताशी असलेला बरा’. जायचं मेट्रोनेच. सुलतान बाजारला चढलं की पुढचंच स्टेशन एमजीबीएस. सगळे आत आले का हे बघेपर्यंत उतरायची वेळ येते. तिथून पुन्हा ऑटो आहेच.

धपाटे माणशी चार, शिवाय आठ राखीव.

“अहो, दुपारी घरी येऊन गरम जेवू की!” काकू म्हणतात. हा खर्चाचा नव्हे, तत्त्वाचा प्रश्न असल्याने नाना उत्तर देत नाहीत.

खिलवत मुबारकमध्ये शिरल्यावर सगळ्यांच्या माना वर जातात. छताला बेल्जियमच्या काचेची 19 झुंबरं, खाली घरची बारा माणसं. नाना खालचीच मोजतात. अकरा भरतात. पुन्हा मोजतात. स्वतःला धरून बारा. मग त्यांचं लक्ष माहितीकडे वळतं : बांधकाम 1750च्या सुमारास सलाबतजंगाने सुरू केलं, पुरं झालं ते अफझलउद्दौलाच्या कारकिर्दीत, म्हणजे शंभरेक वर्षांनी. नानांना हा मजकूर फार आवडतो. “बघा,” ते पोरांना सांगतात, “घाई केली नाही!” पोरं तोवर निजामाच्या रोल्स-रॉईसपाशी पसार झालेली असतात.

कारंज्याच्या हौदाकाठी सावलीत डबे सुटतात. राखीव धपाटे आधी संपतात. कुणीतरी सहज म्हणतं, आता एकदा फलकनुमा बघायला हवा.

“तिथं 2010 पासून हॉटेल आहे,” पुतण्या म्हणतो. “असं उठून जाता येत नाही, नाना. नुसत्या चहालासुद्धा आधी बुकिंग लागतं.”

नानांनी हातातला धपाटा खाली ठेवला आणि खिशातून वही काढली.

“आधी म्हणजे किती आधी?”