पंचवीसपैकी पंचवीस

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात कुणी तुमचं वय विचारलं आणि पाठोपाठ "तुमच्यानंतर कोण?" असंही विचारलं, तर तो विमा एजंट नव्हे. ते आमचे कैगाभाऊ. खरं नाव वेगळंच आहे, पण सगळी नोकरी कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात, ट्रेनिंग सेक्शनला गेली, म्हणून गावानं हेच नाव ठेवलं. मोठ्या सरकारी प्रकल्पाच्या आसपास प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच. निवृत्त होतो आणि काम घरी घेऊन येतो.

भाऊंचं काम अणू फोडायचं नव्हतं. फोडणारी माणसं पुरतील का, हे बघायचं होतं. कोण कधी निवृत्त होणार, त्याच्या जागी कोण, त्याला तयार करायला किती वर्षं लागणार. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स लागतं. ते तीन वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा. सराव करायचा तो हुबेहूब नकली कंट्रोल रूममध्ये, सिम्युलेटरवर. "आणि आपल्याकडे गाडीचं लायसन्स वर्षानुवर्षं!" असं म्हणून भाऊ आजही बसमध्ये ड्रायव्हरमागची सीट घेत नाहीत.

कैगाच्या पहिल्या युनिटनं डिसेंबर २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस चालायचा विक्रम केला. गावानं यंत्राचं कौतुक केलं. भाऊ म्हणाले, "यंत्र एकच होतं रे. शिफ्ट किती बदलल्या ते मोजा."

त्यांच्याकडे एक निळी वही आहे. तिच्यातली पद्धत अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या वीजसंस्थेची, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनंही उचलून धरलेली. माणूस निवृत्तीच्या किती जवळ, त्याला एक ते पाच गुण. तो गेला तर किती अडेल, त्याला एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार करायचा. वीस किंवा त्याच्या वर गेला की धोका, ताबडतोब हालचाल करा. अणुभट्टीवर वापरायचा हा हिशेब भाऊंनी डिचोलीला लावला. भजनी मंडळाच्या पखवाजवाल्या आजोबांना पंचवीसपैकी पंचवीस पडले. आजोबा खूश! शाळेत कधी पैकीच्या पैकी मिळाले नव्हते. गुणांचा अर्थ कळला तेव्हा म्हणाले, "म्हाका इतल्या बेगीन मारता कित्याक रे?"

चतुर्थी आली की भाऊंना ऊत येतो. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला काय काय बांधायचं आणि ते कुठल्या रानात मिळतं, हे वाड्यावर एकाच काकींना ठाऊक. कवंडळं, आंबाडे, तोरंजन, सुपारीचं शिपटं आणायला काकी निघाल्या की त्यांच्यामागून भाऊ दोन मुलांना टिपणवही देऊन पाठवतात. काकी वैतागतात, कारण भाऊंना "प्रोसिजर" हवी असते आणि काकींची प्रोसिजर म्हणजे "दिसलं की कळतं." एका वर्षी तर भाऊंनी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सिम्युलेटर काढलं. कुंभाराकडून माती आणली आणि नातवंडांना आधी मातीच्या नेवऱ्या मुरडायला लावल्या. मुरड फुटली की नापास. वहिनींनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, फक्त मातीची एक नेवरी भाऊंच्या ताटात वाढली.

वहिनी लेकीकडे जायच्या तर त्यांच्याकडून "शिफ्ट हँडओव्हर" लिहून घेतला जातो. गॅस किती शिल्लक, दूधवाल्याचे किती द्यायचे, दही कुठे लावलंय. खाली दोघांच्या सह्या. हसू येतं खरं, पण वहिनी परत आल्यावर घरात काही बिघडलेलं नसतं, हेही कबूल करायला हवं.

एकच विषय असा की तिथे भाऊ चेष्टा सहन करत नाहीत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा सारी डिचोली ट्रकांचे थकलेले हप्ते मोजत होती. भाऊ रजेवर आले होते. ते शॉव्हेल चालवणारे कितीजण गाव सोडून गेले, ते मोजत होते. "होमी भाभांनी ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल काढलं १९५७ मध्ये. तारापूरची वीज आली १९६९ मध्ये. आधी शाळा, मग वीज. बारा वर्षं! आपण बरोबर उलटं करतो." यावर वाद घालायला मला आजवर जमलेलं नाही.

आता सरकारनं २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट अणुवीज म्हटल्यापासून भाऊंची झोप उडालीय. आज आहे ती याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. "२०४७ मध्ये पस्तिशीचा शिफ्ट इंजिनिअर हवा, म्हणजे तो २०१२ चा जन्म. आठवी-नववीत असणार आज!" तेव्हापासून बसस्टँडवर मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेल्या पोरांकडे ते अशा नजरेनं बघतात, की पोरं उठून दुसऱ्या बाकावर जातात.

पखवाजाला मात्र दोन मुलं मिळाली. एकाला वेर्ण्याला नोकरी लागली तेव्हा भाऊंनी वहीत "गळती" असं लिहिलं आणि तिसऱ्याच्या शोधात निघाले. तुमच्या घरी हाताला ताल असलेलं एखादं पोर असेल तर संध्याकाळी देवळात पाठवा. आजोबा शिकवतील, भाऊ हजेरी घेतील. लायसन्स तीन वर्षांचंच मिळेल.