एकशेसाठ चौरस फुटांतला पिढीभेद

महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ (2010) हा चित्रपट जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकावर बेतलेला आहे. मुंबईतल्या गिरणी संपात उन्मळलेले धुरी कुटुंब हा त्याचा विषय. आई संसार रेटते, एका मुलाला लेखक व्हायचे असते, दुसरा क्रिकेटवेडा, तिसरा भाईगिरीच्या नादी लागलेला. परदेशी स्थायिक झालेल्यांच्या चित्रपटांत मुले बापाशी इंग्रजीत भांडतात. इथले स्थलांतर गावाहून मुंबईला, एसटीने झालेले असल्यामुळे ती सोय नाही.

धुरी मालवणी. मुंबईतल्याच डिलाईल रोडवर मात्र सातारा, सांगली, कोल्हापूरकडची वस्ती मोठी. त्यामुळे बाप-लेकांचा तोच तंटा इथे घाटी बोलीत आणि एक पट्टी वर चालतो. रस्त्याला कामगारनेते ना. म. जोशी यांचे नाव आहे. ते अर्जावर लिहायचे. टॅक्सीवाल्याला डिलाईल रोडच सांगायचे.

तंट्याचे ठिकाण बहुधा बीडीडी चाळ. 1920 च्या दशकातल्या या चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. रागावून निघून जायला दुसरी खोली लागते, ती इथे नाही. रुसलेला माणूस खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये जातो आणि तिथे शेजारी त्याच्याकडून विषय समजून घेतात.

पहिली पिढी एकटी आली. पाळीप्रमाणे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत झोपली, खानावळीत जेवली आणि गावी मनीऑर्डर करत राहिली. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ती न चुकता भरे. पुढे मुंबईत वाढलेल्या पोराच्या क्रिकेटच्या बॅटला मात्र पैसे नसत. पोराच्या लेखी गाव म्हणजे मे महिना.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा झालीच नाही. त्यामुळे काही बाप तत्त्वतः अजून संपावर आहेत आणि नोकरी कशी करावी हे पोराला सांगण्याचा त्यांचा हक्क अबाधित आहे.

तिसऱ्या पिढीत गिरणीचा मॉल झाला. फिनिक्स मॉलमध्ये नातवाला काम लागले की आजोबा विचारतात, “कंच्या खात्यात?” नातू म्हणतो, “फूड कोर्ट.” हे खाते आजोबांच्या वेळी नव्हते, पण पाळी आहे म्हटल्यावर त्यांचे समाधान होते.

आता पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरे ठरली आहेत. दार लावून रुसण्याची सोय या कुटुंबांना प्रथमच मिळणार आहे.

चित्रपटाने संपाची झळ नेमकी पकडली. पण त्यात पिस्तुलाचा आवाज मोठा आहे. संपानंतर कितीतरी घरे तगली ती बायकांच्या पोळीभाजीवर, शिवणावर आणि पोरांच्या वॉचमनकीवर. या घरांवर कुणीतरी चित्रपट काढावा. मारामारी हवीच असेल, तर सकाळी सहाला नळावर कॅमेरा लावावा.