इरल्याला चाके लावताना

ज्यांचे घर बांधून झाले आहे, मुलांची लग्ने उरकली आहेत आणि तरीही ज्यांच्या हातांस स्वस्थता नाही, अशा सेवानिवृत्त गृहस्थांनी मोटारीमागे जोडण्याजोगा, दोन माणसे निजतील एवढा शयनशकट स्वहस्ते कसा बांधावा, त्याचे अंदाजपत्रक कसे करावे आणि ते फुगल्यावर घरात कोणत्या मुद्रेने वावरावे, याविषयी चार अनुभवाचे शब्द सांगण्यासाठी ही लेखणी उचलली आहे. लेखकाचा अधिकार एवढाच की, त्याने एकतीस वर्षे हिशेबतपासणीत घालवली आणि त्यानंतर पौडच्या अंगणात असा एक शकट उभा केला.

वस्तू मूळची अमेरिकेतली, 1930 नंतरच्या दशकातली. पुढे वाटोळी, मागे निमुळती. आत निजण्यापुरती जागा आणि पाठीमागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा. तिकडे तिला अश्रूच्या थेंबाचे नाव आहे. दुसरे महायुद्ध संपून ॲल्युमिनियमचा शिल्लक पत्रा बाजारात आला, 1947 साली एका मासिकाने तिचे नकाशे छापले, आणि ज्याच्या घरी करवत होती तो प्रत्येकजण स्वतःस सुतार समजू लागला. आमच्या शेजारच्या आप्पांनी मात्र माझा नकाशा उभा-आडवा धरून पाहिला आणि म्हणाले, "हे तर इरलं हाय की!" भातलावणीस वाकलेल्या माणसाच्या डोक्यापासून कमरेपर्यंत उतरणारे, कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवलेले ते जुने पर्जन्यकवच ज्यांनी पाहिले आहे, त्यांस आप्पांचे म्हणणे खोडून काढता येणार नाही. "पर मग याला चाकं कशापायी?" हा त्यांचा पुढचा प्रश्न मी तहकूब ठेवला.

अंदाजपत्रकास बसताना प्रथम सदरे पाडावीत: सांगाडा, आस व चाके, लाकूड, पत्रा, बिछाना, वीज, आणि सर्वांत खाली, जणू लाजत, 'किरकोळ'. किरकोळीस मी दोन हजार रुपयांची तरतूद केली होती. ज्याने उभी हयात दुसऱ्यांच्या किरकोळ खर्चावर लाल शाईचे शेरे मारले, त्याच्याच हातून ही रक्कम लिहिली जावी, यापरता दैवाचा न्याय तो कोणता! स्क्रू, बिजागऱ्या, सँडपेपर, सीलंटच्या नळ्या, चुकीच्या मापाचे स्क्रू, त्यांच्याऐवजी आणलेले बरोबर मापाचे स्क्रू, वेल्डरचा चहा आणि वेल्डर येणार म्हणून केलेला पण तो न आल्यामुळे मीच प्यालेला चहा, या सर्वांची रुजवात घालता ते सदर 31,400 रुपयांवर जाऊन पोचले. सबब किरकोळ हे सदर सर्वांच्या आधी लिहावे, मनात येईल त्या रकमेपुढे एक शून्य चढवावे, आणि तरीही दहा-बारा हजारांची तूट सोसण्याची तजवीज ठेवावी.

सांगाड्यासाठी 50 मिलिमीटर चौरस आणि 3 मिलिमीटर जाडीची लोखंडी नळी घ्यावी. आठ फूट लांब व चार फूट रुंद चौकटीस चोवीस फूट, तीन आडव्या तुकड्यांस बारा आणि मोटारीकडे जाणाऱ्या दांडीस सहा, मिळून बेचाळीस फूट. वजन सुमारे 55 किलो. परंतु दुकानदार नळी किलोच्या भावाने आणि वीस फुटांच्या अखंड लांबीने देतो, त्यामुळे तीन नळ्या, म्हणजे साठ फूट, विकत घेणे प्राप्त होते. उरलेल्या अठरा फुटांची नोंद जमेस धरावी की खर्चास, याचा निकाल मी अद्याप दिलेला नाही. आस व कमानपाटे पुण्यास नाना पेठेत किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात धुंडाळावेत. मात्र चाकाचे बेअरिंग नवेच घ्यावे, कारण जुन्या बेअरिंगचा स्वभाव घाटात कळतो. पिरंगुटच्या वेल्डरने सांगाडा जोडून झाल्यावर दोन पावले मागे सरून विचारले, "काका, ही ट्रॉली म्हणायची का देव्हारा?" अशा प्रश्नांनी कारागिरास खचू देऊ नये आणि आपणही खचू नये.

लाकडाच्या बाबतीत मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. प्लायवूडची शीट आठ-बाय-चार फुटांची येते, आणि या शकटाचे सारे शरीरशास्त्र त्या मापातूनच निघाले आहे. दोन शीटांच्या दोन बाजू, एकीचा तळ. बारा मिलिमीटरची शीट सुमारे 25 किलो भरते, अठराची 35 च्या पुढेमागे, म्हणून बाजूंना बारा पुरे. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात आपल्यापुढे 'कमर्शियल' आणि 'मरीन' असे दोन वर्ण उभे राहतात. मरीनवर आयएस 710 चा शिक्का असावा लागतो, आणि त्या मानकाचा दंडक असा की, नमुन्याचे थर बहात्तर तास उकळत्या पाण्यात राहूनही एकमेकांस सोडता कामा नयेत. शिक्क्यावर विश्वास ठेवणे हे हिशेबतपासनिसाच्या रक्तात नसते. मी दोन दुकानांतून वितीएवढे दोन तुकडे मागून आणले आणि घरातल्या डाळीच्या मोठ्या पातेल्यात सकाळी आठ वाजता चढवले. बहात्तर तासांची मंजुरी स्वयंपाकघरातून मिळणे अशक्य होते. आठ तासांची मिळाली, तीही या अटीवर की ते पातेले पुन्हा कधी स्वयंपाकास येणार नाही. दुपारी दोनच्या सुमारास स्वस्त तुकड्याचे थर जुन्या दप्तराच्या पानांसारखे सुटून वर तरंगू लागले. दुसरा तुकडा आठ तासांनंतरही तसाच होता. ज्यांच्या घरात दोन पातेली आहेत, त्यांनी ही चाचणी अवश्य करावी. गॅसचा खर्च किरकोळीत घालावा, पातेल्याचा तर बोलूच नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे पुणे शहरातील वाचक विचारील. त्याच्या डोक्यावर वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटर पश्चिमेस, ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर, तो पाच हजार मिलिमीटरांपलीकडे जातो आणि वरून जितका येतो तितकाच आडवाही येतो. मुळशीत पाण्याने घर घेणे ही गोष्ट नवी नाही. 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठीच. पाणी पुढे भिऱ्याच्या वीजगृहाकडे गेले आणि माणसे मिळेल तिकडे गेली. आज त्याच जलाशयाच्या काठी शहरातील मंडळी दोन रात्रींपुरते चाकांवरचे घर घेऊन येऊ पाहतात, आणि मीही त्यांतलाच एक, हे लिहून मी पुढील सदराकडे वळतो.

छतास ॲल्युमिनियमचा पत्रा उत्तम. पण त्यास साधे लोखंडी स्क्रू मारल्यास ओलाव्यात दोन धातूंचे हाडवैर जागे होते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरून पत्रा कुरतडला जातो, म्हणून स्टेनलेसचे स्क्रू आणि खाली रबरी चकती. दुकानांच्या पाट्यांना लावतात ते एसीपी स्वस्त पडते, परंतु पुढच्या गोलाईवर वाकवताना तडकण्याचे भय असते. सर्वांत काटकसरीचा पदार्थ म्हणजे निवडणुकीनंतर निराधार झालेला फ्लेक्स. तो शेतकऱ्याच्या गवताच्या गंजीवर वर्षानुवर्षे टिकतो, हे आपण पाहतोच. मी तो पत्र्याखाली अस्तर म्हणून घातला. परिणामी शकटात उताणे पडले असता छताच्या फटीतून एक भावी आमदार हात जोडून आपल्याकडे पाहत असतात.

पाऊस अशा रीतीने बाहेर ठेवला की पाणी आतून सुरू होते. बंद पेटीत दोन माणसे रात्रभर श्वास सोडतात, त्यातील बाष्प थंड पत्र्यावर धरते आणि पहाटे नाकावर ठिबकते. छतास झाकणीची खिडकी आणि भिंतीत थर्माकोलचा थर, हे दोन्ही म्हणूनच चैनीत मोडत नाहीत. कापसाची गादी नको. वीज म्हणजे एक दिवा. अधिक काही बसवू नये.

वजनाच्या वाटणीविषयी एकच कलम, पण ते प्राणांशी निगडित आहे. एकंदर वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीच्या टोकावर, म्हणजे मोटारीवर पडावा; चारशे किलोच्या शकटास चाळीस ते साठ किलो. मागचा भाग जड झाला की उतारावर शकट शेपटीसारखा हलू लागतो आणि मोटारीस आपल्या मर्जीने वळवतो. आमच्या सौभाग्यवतींनी मागील ओट्यावर पाटा-वरवंट्याची मागणी केली, तेव्हा मी धान्याचा काटा दांडीखाली ठेवून त्यांस आकडा दाखवला. त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "मग पाटा पुढं ठेवा." पाटा आता उशाशी आहे.

राहता राहिला कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर अंतर्भूत असल्यामुळे नोंदणीवाचून तो सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, आणि नवे वाहन म्हटले की नमुन्याची चाचणी आली. अशा चाचण्या करणारी, 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था कोथरूडच्या टेकडीवर, आमच्याच पौड रस्त्याच्या उशाशी आहे. पण मोठमोठ्या कारखान्यांच्या नमुन्यांमागे भावी आमदारांचे अस्तर असलेले इरले घेऊन रांगेत उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही. सुज्ञांनी ही चौकशी पहिला स्क्रू घेण्यापूर्वी करावी. मी शेवटचा घेतल्यानंतर केली.

सांप्रत शकट अंगणात चार विटांवर उभा असून आप्पांनी त्यात आंबेमोहराच्या बियाण्याची दोन पोती ठेवली आहेत. दोन पावसाळे गेले, बियाणे कोरडे आहे. नळीचे अठरा फूट अद्याप माझ्याकडे पडून आहेत. कोणा वाचकास उपयोग असल्यास त्याने पावसाळा उघडताच पौडला येऊन ते घेऊन जावेत. पैसे नकोत, मात्र पावतीवर सही करावी लागेल.