डिझाइन फ्री

प्रत्येक पिढीच्या कपाळी एक कोर्स लिहिलेला असतो. आमच्या पिढीला टायपिंग होतं. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. पास झालं की सर्टिफिकेट काचेत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगायचं आणि सरकारी जाहिरातीची वाट बघत बसायचं. पुढं डी.एड.ची लाट आली. ती ओसरली तेव्हा गावोगावी पोरांपेक्षा गुरुजी जास्त झाले होते. मग एमएस-सीआयटी आली आणि तिच्यावाचून इन्क्रिमेंट अडकतं म्हणताच पन्नाशीचे हेडक्लार्क एका हातात माउस आणि दुसऱ्या हातात रुमाल धरून बसू लागले. आता पाळी ग्राफिक डिझाइनची. साताऱ्यात पोवई नाक्यावर मान वर केली की आभाळाआधी पाटी दिसते: 'फक्त 3 महिन्यांत ग्राफीक डिझायनर व्हा! जॉबची 100% हमी!' त्या 'ग्राफीक'मधली फी दीर्घ आहे. वर जाऊन चौकशी केली की कळतं, ते अशुद्धलेखन नाही, पूर्वसूचना आहे.

हा कोर्स केलेला मुलगा आता प्रत्येक आळीत एक तरी सापडतो. आमच्या आळीतला वरच्या मजल्यावर राहतो आणि मला काका म्हणतो. वडील एसटीतून निवृत्त झालेले. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की ते 'ते आपलं कॉम्प्युटरचं' एवढंच सांगून विषय पावसावर नेतात. आईच्या मते तो 'फोटो गोरे करतो'. त्याच्या स्वतःच्या मते तो व्हिज्युअल कम्युनिकेशनच्या क्षेत्रात आहे. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे.

अशा मुलाला ओळखायचं असेल तर त्याला लग्नाला घेऊन जावं. बाकीचे अक्षता टाकत असतात तेव्हा हा स्टेजजवळ जाऊन मागचा बॅनर न्याहाळत असतो. परत येऊन कानात सांगतो, "काका, नावांचं कर्निंग गंडलंय. वरात आणि वधूत केवढी गॅप आहे बघा."

"अरे, असू दे. पत्रिका जुळलीय म्हणतात."

"पत्रिका तर बघूच नका. पिक्सेल फाटलेत."

हॉटेलात वेटर ऑर्डरसाठी ताटकळत उभा असतो आणि हा मेनूकार्डाच्या समासावर बोट फिरवत असतो. मिसळीच्या वर टाइम्स न्यू रोमन बघून त्याची भूक मरते असं तो म्हणतो. मिसळ मात्र तो सगळी खातो, वर जादा पाव मागवतो.

कोर्सचं म्हणाल तर पहिला महिना कोरल ड्रॉ, दुसरा फोटोशॉप, तिसरा इलस्ट्रेटर 'व इतर'. 'इतर'मध्ये व्यक्तिमत्त्व विकास. शिकवायला मागच्या बॅचची मुलगी, तिला शिकवायला त्याच्या मागच्या बॅचचा मुलगा. अशी ती गुरुपरंपरा. सॉफ्टवेअर कुठून येतं ते पेनड्राइव्हलाच ठाऊक. दुसऱ्या महिन्यात पेन टूल धरून माणसाच्या डोक्याभोवती केसाकेसानं बिंदू टाकत फिरायला शिकवतात, म्हणजे मग त्या माणसाला त्याच्या अंगणातून उचलून आयफेल टॉवरपुढं उभं करता येतं. मुंबईत जे.जे.च्या उपयोजित कला संस्थेत पदवीला चार वर्षं लागतात, हे मी त्याला एकदा सांगून पाहिलं. "काका, ते हातानं काढतात ना," तो म्हणाला, "म्हणून वेळ लागतो."

हा त्याचा आशावाद. तो भाबडा आहे असं पहिल्यांदा वाटतं. पण जरा जवळून पाहिलं की कळतं, त्याला दैवतं आहेत, पुराणं आहेत आणि पाठांतरही आहे. पहिलं दैवत कॅरोलिन डेव्हिडसन. नायकीची ती बाकदार खूण हिनं 1971 साली काढली आणि तिला मिळाले पस्तीस डॉलर. "ती पण स्टुडंटच होती, काका!" दुसरे मिल्टन ग्लेझर. 'आय लव्ह न्यूयॉर्क'चं ते लाल बदामवालं चिन्ह त्यांना टॅक्सीत सुचलं, तिथंच लाल क्रेयॉननं कागदाच्या कपट्यावर खरडलं, आणि त्याचे त्यांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत. तिसरे आपले उदय कुमार. 2010 साली रुपयाचं चिन्ह निवडलं गेलं ते यांचं. तीन हजारांवर प्रवेशिकांतून, अडीच लाखांचं बक्षीस.

या कथा तो सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी तरारतं. काही तपशील तेवढे गळतात. कॅरोलिनबाईंना कंपनीनं पुढं 1983 मध्ये शेअर दिले, हे तो आठवणीनं सांगतो, पण मधली बारा वर्षं एका श्वासात ओलांडतो. ग्लेझरसाहेबांचं नाव त्या टॅक्सीत बसण्याच्या कितीतरी आधी झालं होतं, हे सांगत नाही. उदय कुमार आयआयटी मुंबईत मुळात हाच विषय शिकले होते, तेही सांगत नाही. मी आठवण करून दिली तर म्हणतो, "तेच की. टॅक्सीत सुचलं त्यांना. मला तर एसटीत सुचतं, आणि एसटी जास्त वेळ लावते."

सध्या तो राजवाड्याजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात बसतो. दुकानाबाहेर दरपत्रक आहे. स्टार फ्लेक्स चौरस फुटाला इतके, साधा इतके, फ्रेम वेगळी, लावण्याची मजुरी वेगळी. आणि सगळ्यांत खाली, ठळक लाल अक्षरांत: 'डिझाइन फ्री'. म्हणजे कापडाला किंमत, शाईला किंमत, बांबूला किंमत, सुतळीला किंमत. माझ्या पोटात तुटलं. म्हटलं, "अरे, तुझी अख्खी विद्या ह्यांनी फुकट लिहून टाकलीय."

"फुकट नाय काका. अजून किंमत ठरलेली नाय. एकदा ठरली की मग वाढवायला त्रास."

त्या दुकानात मी एक संध्याकाळ काढली. एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, दहा बाय वीस. वर गोलांमध्ये वरिष्ठ नेते, मधोमध गॉगल लावलेले उत्सवमूर्ती, हातात मोबाइल, नजर क्षितिजावर. खाली शुभेच्छुकांची मुंडकी. गोल किती व्यासाचा आणि कुणाच्या शेजारी, यावर कार्यकर्त्यांची तासभर बैठक चालली. आमच्या डिझायनरानं क्लासात शिकल्याप्रमाणं उजवीकडं थोडी जागा मोकळी सोडली होती. "ही व्हाइट स्पेस आहे. डोळ्याला आराम मिळतो."

"पैसे चौरस फुटावर घेताय ना?" मुख्य कार्यकर्ते म्हणाले. "मग? बागायत रान कुणी पड ठेवतं का? तिथं आमच्या मेव्हण्याला टाक."

मेव्हण्यांचा फोटो म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ग्रुप फोटोतला एक चतकोर, तोही व्हॉट्सॲपवरून आलेला. पोरानं अर्धा तास खपून तो कापला. कापून झाल्यावर मेव्हण्यांच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी चार बोटं तशीच राहिली. ती काढावीत तर खांदा जायचा. शेवटी बोटांसह मेव्हणे छापले गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला: "माझी बोटं आहेत, तर माझं तोंड कुठाय?" हा किस्सा सांगताना तो खजील झाला असेल असं वाटलं तर तो फुलून आला होता. "म्हणजे बघा, लोक किती बारकाईनं बघतात!"

त्याच फ्लेक्सवर त्याचं कसबही पाहिलं, ते सांगितलंच पाहिजे. छपाईच्या जुन्या मराठी फॉन्टची एक गंमत आहे. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरात नाही तिथं फाइल उघडली की 'हार्दिक शुभेच्छा'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंस-टिंबांचा कचरा दिसतो. म्हणून मशिनवर पाठवण्याआधी अक्षरांचे 'कर्व्ह' करतात. कंट्रोल आणि क्यू दाबलं की अक्षराचं चित्र होतं. चित्र झालं की ते बिघडत नाही, पण टाइप करून सुधारताही येत नाही. सगळं कर्व्ह झालं, मूळ फाइल त्यावरच सेव्ह झाली, आणि मग दुकानाच्या मालकांना दिसलं की 'अभीष्टचिंतन सोहळा'च्या जागी 'अनिष्टचिंतन सोहळा' आहे. टाइप करणारा घरी गेला होता आणि तो फॉन्ट त्याच्याच मशिनमध्ये, पासवर्डाच्या आड. कार्यकर्ते बाहेर चहा पीत होते. मालकांच्या चेहऱ्यावरचा रंग चारही शायांतून गेला.

पोरानं एक अक्षर न बोलता झूम केलं. 'भावी नगरसेवक'मधला 'भ' उचलला, त्याचीच एक प्रत केली. त्याच 'भावी'ची दुसरी वेलांटी सोडवली, तिचीही प्रत केली. आकार लहान केला, जाडी जुळवली, 'नि' पुसून तिथं 'भी' बसवली, शिरोरेघेला शिरोरेघ चिकटवली. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं, सांधा दिसेना. साहेबांचं अभीष्ट त्यांच्याच भावीपणातून निघालं. हे तीन महिन्यांत शिकवत नाहीत. हे त्याला कुठून आलं, तो जाणे. मी शाबासकी दिली तर त्याचं लक्ष नव्हतं. तो साहेबांचे दात पांढरे करत होता.

बाकी संकटं नित्याचीच. पडद्यावर झगझगीत दिसलेला भगवा छापून आल्यावर विटकरी झाला, तेव्हा पक्षाची माणसं अंगावर धावून आली. पडदा उजेडाच्या तीन रंगांनी रंगवतो, कागद शाईच्या चार रंगांनी, आणि पडद्यावरचे सगळे तेजस्वी रंग शाईला पेलत नाहीत, हे त्यानं शांतपणे समजावलं. त्यांना ते पटलं नाही, पण एवढं शास्त्र ऐकल्यावर मारायचा उत्साह गेला. बेकायदा फलकांविरुद्ध साताऱ्यातल्याच एका संस्थेनं जनहित याचिका केली होती आणि 2017 साली मुंबई उच्च न्यायालयानं त्यावर पालिकांना कडक आदेश दिले. मी म्हटलं, आता तुझ्या धंद्याचं काय? "काढलेले फ्लेक्स परत लावावे लागतात, काका. डबल काम." कॅनव्हा आलं, घरोघरच्या वहिनी हळदीकुंकवाची आमंत्रणं स्वतः करू लागल्या. "करू देत. मग प्रिंटला धूसर येतं, मग माझ्याकडंच येतात." एआय आला. त्यानं एका मंडळाला गणपतीचं सुरेख चित्र काढून दिलं, खाली मराठीसारखं दिसणारं पण कुठल्याच भाषेत न बसणारं काहीतरी लिहून. मंडळ चित्र घेऊन धावत ह्याच्याकडं. "त्याला अजून जोडाक्षर येत नाय," तो अशा सुरात म्हणाला, की जणू ते धाकटं भावंड आहे आणि येईल हळूहळू.

पुण्यात एका ठिकाणी मुलाखतीलाही जाऊन आला. फ्रेशर पाहिजे, पण पाच वर्षांच्या अनुभवाचा. डिझाइनबरोबर व्हिडिओ एडिटिंग, रील, आणि वेळ पडली तर फोन उचलणं. 'कळवतो' म्हणाले. महिने झाले. "नाही म्हणाले असते तर नाही म्हणाले असते," एवढंच त्याचं म्हणणं. या वाक्यातली फट मला अजून सापडलेली नाही.

दरम्यान नातेवाईक त्याची कला फुलवत असतात. आत्याला आधार कार्डावरचा फोटो बदलून हवा आहे, सरकारी काम आहे म्हटलं तर ती म्हणते, "मग कोर्स कशाला केलास?" मामांना वारलेल्या आजोबांच्या डोक्यावर फेटा हवा आहे, आजोबा जन्मभर टोपी घालायचे तरी. त्याच्या लॅपटॉपवर 'आजोबा फायनल', 'आजोबा फायनल नवीन' आणि 'आजोबा फायनल मामा बदल 3' अशा फाइली आहेत. लॅपटॉपचा हप्ता वडील भरतात, पावसावर बोलत बोलत.

आणि परवा एक आक्रीत घडलं. कंदी पेढ्याच्या एका छोट्या दुकानदारांनी त्याच्याकडून पेढ्याच्या खोक्याचं डिझाइन करून घेतलं. तीन मिलिमीटर ब्लीड सोडून, घड्या आखून, व्यवस्थित. त्यांनी ते पाहिलं, लोगो थोडा मोठा करायला सांगितला, आणि मग विचारलं, "किती द्यायचे?"

हा गप्प. न्यायालय, एआय, मेव्हणे, सगळ्यांवर ज्याच्याकडं उत्तर होतं, त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. शेवटी "तुम्हाला योग्य वाटेल ते" म्हणाला. त्यांना पाचशे रुपये आणि अर्धा किलो पेढे योग्य वाटले.

संध्याकाळी खोकं घेऊन तो माझ्याकडं आला. मला वाटलं, आता तरी हिरमुसला असेल. मोबाइलवर गुणाकार करत होता.

"काका, 1971 साली डॉलर साधारण साडेसात रुपयांना होता. पस्तीस डॉलर म्हणजे किती? अडीचशेच्या आसपास. मला पाचशे मिळाले. पहिल्याच कामात नायकीच्या डबल! पेढे वेगळेच."

मी महागाईचा विषय काढणार होतो, पण तोंडात पेढा होता.