कोंडीयोग : काशीमीरा नाक्यावरच्या साधकांसाठी

ज्यांच्या मोबाइलमध्ये एकाग्रता वाढवण्याची तीन अ‍ॅप आहेत आणि तिन्ही एकाच वेळी टिंग करतात, अशा साधकांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांना हिमालयात जाणं परवडतं त्यांनी पुढे वाचू नये. घराचा हप्ता काशीमीऱ्याला आणि नोकरी ठाण्याला, अशा दोन खुंट्यांना ज्यांचा जन्म बांधलेला आहे, त्यांनी मात्र वही-पेन्सिल घेऊन बसावं. पेन्सिलच का, ते पुढे येईल.

आधी क्षेत्रमाहात्म्य. काशी हे एक गाव, मीरा हे दुसरं. महामार्ग आला, नाका झाला आणि दोघांची नावं एकत्र उच्चारली जाऊ लागली. त्यामुळे मोक्ष आणि भक्ती हे दोन्ही मार्ग इथे शेअर रिक्षात मिळतात. फक्त चौथी सीट भरेपर्यंत मोक्ष हलत नाही. नाक्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. एका हाताला मुंबई, दुसऱ्या हाताला अहमदाबाद आणि घोडबंदर मार्गे ठाणं. आयुष्यात कुठल्या दिशेनं जावं हा प्रश्न ज्याला पडलेला नाही, त्यालाही इथे उभं राहिल्यावर तो पडतो, कारण तिन्ही दिशांना गाड्या सारख्याच थांबलेल्या दिसतात.

आता शास्त्र. चित्त एकाग्र करून काही थोर लिहिल्याची मराठीतली तीन ठळक उदाहरणं घ्या. टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं ते मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११च्या हिवाळ्यात. सुमारे ९०० पानांचं हस्तलिखित, तेही पेन्सिलनं. विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली, दर रविवारी एक अध्याय असे अठरा रविवार. आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, तेही त्याच तुरुंगात. त्याच गुरुजींनी पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. पाच दिवसांत मला बाथरूमच्या गळक्या नळासाठी प्लंबर मिळत नाही.

म्हणजे माणसाला कुणीतरी बाहेरून कडी घालून बसवल्याशिवाय त्याच्या हातून काही होत नाही. पण साध्या नोकरदाराला राजद्रोह परवडत नाही, तेवढी रजा शिल्लक नसते. त्याच्यासाठीच घोडबंदर रस्ता आहे. कोठडी आणि कोंडी यांत फरक एवढाच, की कोंडीत जायला तिकीट काढावं लागतं.

कोंडी कशी तयार होते हे साधकानं समजून घ्यावं, कारण आपल्या तुरुंगाची माहिती कैद्याला हवीच. न्हावाशेव्याच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर ठाण्याहून याच रस्त्यानं येतात. गायमुखचा घाट अरुंद. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला उतार आणि पलीकडे खाडी. रुंद व्हायला जागाच नाही. घाटात एक कंटेनर बंद पडला की मागे काजूपाड्यापर्यंत आणि तिथून फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत शेपूट येतं. फाउंटनला वसईच्या पुलावरून आलेली वाहनं त्यात मिसळतात. पावसात खड्डे; पाऊस संपला की खड्डे बुजवण्यासाठी एक मार्गिका बंद. बारमाही तीर्थ आहे.

हिशोब सांगतो, तोही माझ्या स्वतःच्या बुडाखालचा. ठाण्यातल्या माजिवड्याला जायला दीड तास, यायला दीड. महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षाचे तीनशे. एकूण ९०० तास. टिळकांची पानं किती होती? ९००. तासाला एक पान! हा आकडा निघाला त्या रात्री मला झोप आली नाही. मी सतरा वर्षं हा प्रवास करतोय. म्हणजे सतरा गीतारहस्यं होतील एवढा वेळ मी खिडकीबाहेर ‘टू बीएचके ताबा तयार’ हे फलक वाचण्यात घालवला.

पायरी पहिली : आसन. बसमध्ये मागच्या चाकावरची सीट धरावी. तिच्याकडे लोक तुच्छतेनं बघतात, कारण खाली चाकाचा उंचवटा असतो आणि गुडघे छातीशी येतात. पण गुडघे वर आले की त्यांवर वही बसते. फुकटचं टेबल. योगात याला काही नाव असेल. आमच्या बसमध्ये याला ‘काय नशीब’ म्हणतात.

वहीत पेन चालत नाही. बस ब्रेक मारते तेव्हा पेनची रेघ पुढच्या तीन पानांतून आरपार जाते. पेन्सिलचं टोक तुटतं, कागद वाचतो. टिळकांचा अनुभव वाया गेलेला नाही.

पायरी दुसरी : मोबाइल. तो बंद करा असं सगळेच सांगतात. ज्यांच्या सोसायटीचा ग्रुप नाही त्यांनी खुशाल करावा. आमच्या ग्रुपवर सकाळी सात ते दहा या वेळात पाण्याचा दाब, बी विंगची लिफ्ट, कुणाच्या तरी कुत्र्याची सवय आणि दोन सूर्योदय येतात. त्यातला पाण्याचा संदेश चुकला तर संध्याकाळी घरी तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून मी मध्यम मार्ग काढला: मोबाइल डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली. हे करू नये. फोन थरथरला की स्टीलचा डबा वाजतो, डब्यातला चमचा वाजतो, आणि पुढच्या सीटवरची बाई मागे वळून विचारते, “दादा, तुमचं काहीतरी उकळतंय का?”

आता मी डबा मांडीवर आणि मोबाइल सॉकमध्ये ठेवतो. पायाला मुंग्या आल्या असं समजून दुर्लक्ष करता येतं.

तिसऱ्या पायरीत श्वासाबद्दल लिहायचं होतं. फाउंटनजवळ डिझेलच्या धुरात श्वासाकडे लक्ष देणं प्रकृतीला बरं नाही, म्हणून ती वगळली आहे.

पायरी चौथी : ध्येय. वहीच्या वरच्या ओळीत ‘माझ्या आयुष्याचं ध्येय म्हणजे’ एवढं लिहावं आणि पुढचं सुचेपर्यंत थांबावं. थांबण्याची सोय रस्ता करतोच. मी हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं ते सोमवारी, फाउंटनच्या वळणावर. ‘म्हणजे’च्या पुढे पेन्सिल टेकवली आणि बस चार फूट सरकली. तिथे आता काळा तुरा उमटलेला आहे. मंगळवारी नवं पान, तेच वाक्य. बुधवारी काजूपाड्याला बरंच सुचलं होतं, पण तेवढ्यात मास्तर “पुढे सरका, पुढे सरका” म्हणाले. उभ्या लोकांना म्हणाले असतील, पण मला ते व्यक्तिशः लागलं.

टिळक १९१४ साली सुटले तेव्हा हस्तलिखित लगेच त्यांच्या हाती आलं नाही, काही काळ सरकारकडेच राहिलं. ते परत मिळालं नाही तर पुन्हा आठवून लिहीन, असं ते म्हणाले होते म्हणे. मला मागच्या मिनिटाचा ओटीपी आठवत नाही.

इथे एक जाणकार साधक शंका काढील की बाबा, एकाग्रतेची जागा शांत हवी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचं वर्णन आहे: निर्मळ पाणी, दाट झाडी, मंद वारा, माणसांची वर्दळ नाही, विलासी माणसालाही वाटावं की सगळं सोडून इथेच बसावं. शंका रास्त आहे. घोडबंदरवर विलासी माणसं सगळं सोडून बसलेली दिसतात खरी, पण त्यांची गाडी पुढे जात नसते म्हणून.

तरीही गायमुखच्या घाटात खिडकीतून जे डोंगर दिसतात ते नीट बघावेत. त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, दक्षिणेला, कान्हेरी आहे. शंभरावर लेणी. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून हजारेक वर्षं तिथे भिक्षू राहिले. मी शाळेच्या सहलीत गेलो होतो आणि मग थेट पन्नाशीत. लहानपणी मोठा चैत्य आठवतो; या खेपेला मी एका साध्या विहारात थांबलो. भिंतीला लागून खडकातच कोरलेला ओटा, झोपायला. बाहेर पाण्याचं टाकं, तेही खडकात, वरच्या कातळावरून पाणी त्यात यावं म्हणून खोदलेल्या पन्हळी. ओट्यावर बसून बघितलं. गुडघे वर येत नाहीत. बाकी सगळी व्यवस्था आमच्या सीटपेक्षा बरी.

मला वाटत होतं की ही माणसं जगाला कंटाळून जंगलात आली असणार. तसं नाही. एका अंगाला सोपारा बंदर, दुसऱ्या अंगाला कल्याण, आणि मध्ये हे डोंगर. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या, नाशिकच्या माणसांची दानं कोरलेली आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी टाकं. म्हणजे ज्यांचं चित्त एकाग्र व्हायचं त्यांचं पाणी ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पैशातून भरत होतं. निर्वाणालाही रहदारी लागत होती. आज सोपाऱ्याचा माणूस कल्याणला निघाला तर एक तर कामण-भिवंडीच्या रस्त्यानं जातो, नाहीतर फाउंटनला आमच्या रांगेत येऊन उभा राहतो. पूर्वी त्यानं टाकं तरी खोदलं असतं. आता हॉर्न वाजवतो. मी त्या दिवशी ओट्यावरून उठलो तेव्हा फार शांत होतो. परत येताना रिक्षावाल्यानं सुट्टे नाहीत म्हटलं आणि ते गेलं.

ज्यांना कान्हेरी आटोपशीर हवी त्यांच्यासाठी गोराईला विपश्यनेचा पॅगोडा आहे; २००९ साली त्याचं उद्घाटन झालं. आत आठेक हजार माणसं बसतील एवढा घुमट, आणि मध्ये एकही खांब नाही. आमच्याकडे मेट्रो ९मुळे खांबच खांब, त्यामुळे तोल साधला जातो. विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं असतं, मौनात, मोबाइल जमा करून. मी साहेबांकडे दहा दिवसांची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. “एकाग्रता वाढवायची आहे,” मी म्हटलं. साहेब म्हणाले, “अहो, मग कामात वाढवा ना.” मग पुन्हा चाकावरची सीट.

पायरी पाचवी : सत्संग. विनोबांना साने गुरुजी मिळाले. तुम्हालाही कुणीतरी मिळेल. मला मिळाले ते काका रोज फाउंटनला चढतात आणि माझ्या शेजारी बसतात, कारण चाकावरच्या सीटची दुसरी जागाही कुणाला नको असते. वय साठीच्या आसपास, कपाळाला गंध, मोबाइल स्पीकरवर. मुलीचा साखरपुडा वसईला ठरलेला, आणि केटररशी बोलणी घोडबंदर रस्त्यावर.

“दोनशे पानं धरा,” काका म्हणाले.

मी वहीत ‘माझ्या आयुष्याचं ध्येय म्हणजे’ लिहून थांबलो होतो.

“दोनशे नको, दोनशे वीस धरा. आणि श्रीखंड की बासुंदी?” केटरर पलीकडून म्हणाला की बासुंदी मे महिन्यात नासते. “मग श्रीखंड. किती किलो?”

हे मी ऐकत नव्हतो. पण कोंडीत कान बंद करता येत नाहीत आणि हातात पेन्सिल होती. गायमुख येईपर्यंत माझ्या पानावर सहजच उतरलं होतं: २२० पानं, श्रीखंड, वाटली डाळ, अळूचं फदफदं, मसालेभात, बटाटेवडे नकोत कारण मुलाकडचे आधी खाऊन येणार, भजी कांद्याची नाही बटाट्याची, पापड मिरगुंड दोन्ही. अक्षर इतकं नीट आलं होतं की मीच चकित झालो. आठवडाभर जे चित्त ठरत नव्हतं ते मिरगुंडावर ठरलं. मला स्वतः विनोबा व्हायचं होतं, पण कोंडीनं मला साने गुरुजी केलं.

हे साधकानं लक्षात ठेवावं: दुसऱ्याचं ध्येय ऐकताना आपलं मन अजिबात भरकटत नाही. उपयोग काय, ते विचारू नका.

शुक्रवारी काका चढले ते घाबरेघुबरे. घरी लिहून ठेवलेली यादी हरवली होती, केटरर आजच आगाऊ रक्कम मागत होता, आणि परवा काय ठरलं ते त्याला आठवत नव्हतं. आठवत असलं तरी तो सांगणार नव्हता.

“तुम्ही काहीतरी लिहीत होतात ना हो, त्या दिवशी?”

मी वही उघडली. पान फाडून दिलं. काकांनी ते डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं, मग फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. “घ्या लिहून. दोनशे वीस पानं. श्रीखंड, वाटली डाळ, अळूचं, मसालेभात, बटाट्याची भजी, पापड, मिरगुंड…” पान उलटलं. मागच्या बाजूला मंगळवारची ओळ होती, तुऱ्याविना, सुबक. मी हात पुढे केला, पण बस थांबलेली असली की काका थांबत नाहीत.

“आणि माझ्या आयुष्याचं ध्येय म्हणजे…” त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. बस घाटात उभी होती. पुढच्या सीटवरची बाई मागे वळली होती.

पलीकडून केटररचा आवाज आला, “हां, घेतलं. ते किती पानांना धरू?”