सविस्तर प्रकल्प अहवाल यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. सविस्तर प्रकल्प अहवाल ऊर्फ डीपीआर (घनकचरा व्यवस्थापन),
आरोग्य विभागातील लोखंडी कपाट,
आमची नगरपरिषद.

विषय : आपण गावाचा कचरा कागदावर वेळेत उचलल्याबद्दल आभार, आणि उरलेल्या कचऱ्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, मी आपल्याला पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचलं आहे. गावात असं करणारा मी बहुधा एकटाच. आपण मंजूर झालात ते प्रशासकांच्या काळात. निवडणुका लांबल्या होत्या, त्यामुळे सभागृहात हात वर करून ‘ही रक्कम कशाची?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका होऊन नगरसेवक आले, तोवर आपली निविदा निघून गाड्याही दारात उभ्या होत्या. नव्या नगरसेवकांनी त्या गाड्यांना नारळ फोडला. आपल्याला कुणी साधं हळदीकुंकूही वाहिलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

आपली बांधणी सुरेख आहे. मुखपृष्ठावरच्या दोन मुली एक हिरवा आणि एक निळा डबा धरून ज्या आनंदानं हसताहेत, तसा आनंद मी आमच्या आळीत कचरा टाकताना कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलेला नाही. पण मुद्द्यावर येतो.

आपला हिशेब सोपा आहे. जनगणना २०११ ची घ्यायची. तिला वाढीचा दर लावायचा. जितकी डोकी येतील त्यांना दरडोई ग्रॅमनं गुणायचं की टन तयार. पन्नास हजारांची वस्ती आणि माणशी तीनशे ग्रॅम धरले, तर रोजचे पंधरा टन. पंधरा टन म्हणजे इतके टिप्पर, इतक्या टिप्परना इतके चालक, इतक्या चालकांना इतकं डिझेल. एका गुणाकारातून आपण पुढच्या पंचवीस वर्षांचं गाव उभं केलंत. माझा नातू मध्यमवयीन होईल तेव्हा तो रोज किती ग्रॅम टाकेल हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आईबापांना ते अजून समजलेलं नाही.

फक्त रविवारी आपली जरा पंचाईत होते. रविवारी आमचा आठवडी बाजार असतो. पंचक्रोशीतली माणसं येतात, कोबीचा पाला, मेथीच्या काड्या, फ्लॉवरची दांडकी, सडके टोमॅटो टाकून संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. ही माणसं आपल्या गुणाकारात नाहीत, कारण ती राहतात खेड्यात आणि पाला टाकतात आमच्याकडे. मेमधल्या आंब्याच्या साली-कोयी, गणपतीतलं निर्माल्य, लग्नसराईतल्या पत्रावळी यांचाही आपल्याला पत्ता नाही. खरं तर बाजाराचा पाला म्हणजे खतासाठी हवा तसा कचरा. ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, प्लास्टिकशिवाय, आयता ढिगानं मिळणारा. बाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेत चार हौद बांधले असते तर त्याचं तिथंच खत झालं असतं. पण मग तो टिप्परमध्ये चढला नसता, आणि टिप्परमध्ये न चढलेल्या कचऱ्याला आपल्याकडे रकाना नाही. म्हणून सोमवारी सकाळी तो पाला जेसीबीनं, खालच्या मातीसकट, उचलून डेपोवर नेला जातो.

आता घंटागाडी. गाडीला दोन कप्पे आहेत, ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा. भोंग्यावर गाणं आहे, तेही हिंदीत. मार्गाचा नकाशा आपण रंगीत छापला आहे. त्यात आमच्या जुन्या पेठेतून जाणारी लाल रेघ मी भिंग लावून पाहिली. त्या बोळातून सायकलवाला जातो तेव्हा समोरची म्हैस मागे घ्यावी लागते. आपल्या रेघेला म्हैस आडवी आली नाही, यावरून ती रेघ कुठं बसून आखली असावी याचा अंदाज येतो. घराच्या दाराला क्यूआर कोडचं स्टिकर आहे. मदतनीस ते स्कॅन करतो आणि ‘कचरा उचलला’ अशी नोंद वरच्या पडद्यावर उमटते. बादली उंबऱ्यातच असली तरी चालतं. स्कॅन स्टिकरचा होतो, बादलीचा नाही.

पण मला खरी दाद द्यायची आहे ती वजनकाट्याबद्दल. आपली सगळी करामत त्या एका यंत्रात आहे, आणि एवढ्या जाड ग्रंथात त्याला जेमतेम अर्धं पान दिलंत हा आपला विनय. ठेकेदाराला पैसे मिळणार टनामागे. गाडी भरून काट्यावर येईल, वजन होईल, पावती निघेल, महिन्याअखेरीस बिल. यात चूक कुठं आहे? काम मोजावं आणि दाम द्यावेत. मोजायचं काय, एवढंच पाहायचं राहिलं. मदतनिसानं वाटेत पुठ्ठा नि बाटल्या वेगळ्या काढल्या तर गाडी हलकी होते. आमच्या आळीतल्या बायकांनी परसात खत केलं तर गाडी आणखी हलकी. दोन कप्पे शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे तर दोन खेपा, दोन ढीग आणि दुप्पट माणसं लागतात, आणि त्यातून काट्यावर एक किलोही जास्त भरत नाही. उलट ओलं-सुकं एकत्र कालवलं, पावसाचं पाणी मुरू दिलं, वर कुणाच्या पाडकामाचा राडारोडा टाकला, तर तीच गाडी कशी भरदार दिसते. जुलैमध्ये आमच्या गावाचा कचरा वाढतो असं आपल्या तक्त्यात आहे. तो वाढत नाही हो, भिजतो. आपण पाणी विकत घेताय, तेही एकदा गटारातून सोडून दिलेलं.

त्यामुळे डेपोवर हिरवा आणि निळा कप्पा एकाच खड्ड्यात रिकामा होताना पाहून लोक ठेकेदाराला शिव्या देतात, तेव्हा मी त्याची बाजू घेतो. तो आपल्या आज्ञेत आहे. बोली जितकी कमी तितका काम मिळण्याचा संभव, आणि काम मिळालं की वजनावर कमाई, ही अट आपलीच. तिच्यात राहून त्यानं घरोघरी वेगळा कचरा सांभाळत आणला असता तर त्याचंच दिवाळं निघालं असतं.

पुढचं प्रकरण वाचताना मात्र मला आपल्याबद्दल माया वाटली. ‘सुक्या कचऱ्यापासून उत्पन्न.’ पुठ्ठा, काच, पत्रा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, प्रत्येकाचा भाव, प्रत्येकाचे टन, आणि खाली बेरीज. त्या बेरजेच्या जोरावर आपण वर्गीकरण केंद्राची शेड, सरकता पट्टा आणि गठ्ठे बांधायचं यंत्र मंजूर करून घेतलंत. आता एक गोष्ट कानात सांगतो. हा माल आधीच विकला गेलेला आहे. पहाटे पाचला, घंटागाडीच्या कितीतरी आधी, पाठीवर गोणी घेऊन काही बायका निघतात. बाजारपेठेतल्या दुकानांपुढचे खोके, हॉटेलांमागच्या बाटल्या, रस्त्याकडेचा पत्रा त्या वेचतात आणि दुपारपर्यंत नाक्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर घालतात. (काटा इथंही आहे. फक्त त्यावर ओला माल चढवला तर भंगारवाला भाव पाडतो.) घरची रद्दी आणि डबे हातगाडीवाला दारातून नेतो आणि वर पैसे देतो. आपल्या सरकत्या पट्ट्यावर पोहोचतात ती वेफर्सची चकचकीत पाकिटं आणि पानमसाल्याच्या पुड्या, ज्यात प्लास्टिकला अॅल्युमिनियमचा पदर चिकटलेला असतो आणि ज्या भंगारवाला फुकटही घेत नाही. आपल्या केंद्राचं उत्पन्न या पाकिटांवर उभं आहे.

या बायका आपल्यात शोधल्या. एका ठिकाणी ‘अनौपचारिक क्षेत्र’ या शब्दांत त्या सापडल्या, त्याही ‘डेपोवर अनधिकृत प्रवेश रोखण्याबाबत’ या मथळ्याखाली, कुंपण आणि सुरक्षारक्षक यांच्यामध्ये. २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम म्हणत होते की कचरावेचकांना ओळखा, त्यांच्या संघटनांना मान्यता द्या, दारोदारच्या कामात सामावून घ्या. ते नियम आपण परिशिष्टात अख्खे छापले आहेत. छापताना ते कलम गळलेलं नाही, मी खात्री केली. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्येच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा घेऊ लागल्या. त्यांना घरं थेट महिन्याचे पैसे देतात, आणि सुका माल विकून आलेले पैसे त्यांचेच. म्हणजे डेपोकडे जितकं कमी जाईल तितकं त्यांना जास्त मिळतं. पुण्याचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथल्या डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं कचऱ्याच्या गाड्या उगाच अडवल्या नाहीत, आणि ‘स्वच्छ’च्या कराराचं दर खेपेला काय होतं ते पेपरात येतंच. पण निदान तिथं कुणाला तरी कचरा कमी होण्यात फायदा आहे. आपल्या योजनेत असा एक माणूस दाखवा.

आपल्या साहित्याच्या यादीत हातमोजे आहेत. संख्या दिली आहे, वर्षाची. त्या यादीसमोर मी बराच वेळ थांबलो. डायपर, सॅनिटरी पॅड, फुटलेली ट्यूबलाइट, वापरलेल्या सुया, हे सगळं त्याच गाडीत येतं आणि कुणाचे तरी हात त्यात जातात. ते वेगळं गुंडाळून द्यायचा नियम कागदावर आहेच. पुण्यात कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्या असं लोकांना सांगत फिरण्याची मोहीम कचरावेचकांच्याच संस्थेला काढावी लागली. आपल्याकडे जनजागृतीसाठी ठेवलेल्या रकमेतून भिंती रंगल्या. त्यावर गांधीजींचा चष्मा छान आला आहे. स्वच्छ सर्वेक्षणाची पाहणी झाली की त्या भिंतींखाली पुन्हा कचरा पडू लागतो, तोही बरोबर चष्म्याखाली.

डेपोबद्दल थोडक्यात. तो शेजारच्या गावच्या शिवेवर आहे. वारा कुठं वाहतो याची आपण नोंद केलीत, पण ज्यांच्याकडे तो वाहतो ते आपले मतदार नाहीत. दर उन्हाळ्यात ढीग आतून पेटतो. मुंबईचं देवनार जानेवारी २०१६ मध्ये पेटलं तेव्हा धूर उपग्रहातून दिसला होता. आमचा फक्त शेजारच्यांच्या डोळ्यांत जातो. जुना ढीग उकरून चाळण्याचं कामही आपल्यात आहे. चाळून निघालेलं जळाऊ सिमेंटच्या कारखान्यांनी न्यावं अशी आपली अपेक्षा. कारखाने चंद्रपूरकडे, ढीग इकडे, आणि मधल्या ट्रकचं भाडं कुणी द्यायचं तो रकाना कोरा. नव्या ओल्या कचऱ्याचं खत ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावानं शेतकऱ्यांना विकायचं आहे. एकानं नेलं होतं. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या शेतात काचेचे तुकडे निघाले तर तो पुन्हा येत नाही, खताला नाव कितीही हिरवं दिलं तरी.

आपल्या शेवटच्या प्रकरणात वेंगुर्ल्याचा रंगीत फोटो आहे. खाली ‘यशोगाथा’. सिंधुदुर्गातली ही जेमतेम बारा हजार वस्तीची नगरपरिषद. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथं घरातच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. न केलेला परत दिला जाई. घेतलेला कचरा डेपोवर आणखी कितीतरी प्रकारांत निवडला जाई, ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. डेपोचं इतकं रूप पालटलं की लोक तो बघायला येऊ लागले. आपण हा फोटो लावलात, पण वेंगुर्ल्याची पद्धत घेतली नाहीत. तिथं वजनकाट्यापेक्षा दारातल्या बादलीला महत्त्व होतं, आणि मिसळलेली बादली परत करण्याइतकी हिंमत गाडीवरच्या माणसाला दिलेली होती. आमच्या गाडीवरच्या पोरानं बादली परत केली तर दहा मिनिटांत नगरसेवकाचा फोन येईल, अकराव्या मिनिटाला त्या पोराची नोकरी जाईल, आणि शिवाय काट्यावर तितके किलो कमी भरतील.

तरी आपण पुनरावलोकनासाठी कपाटातून बाहेर याल तेव्हा पुढील दुरुस्त्यांचा विचार व्हावा. टनाचा दर काढून टाकावा. जितक्या घरांतून वेगळा कचरा आला आणि डेपोवर जितका कमी गेला त्यावर ठेकेदाराचं बिल निघावं. म्हणजे आज जो कालवतो तोच उद्या आमच्या दारात उभा राहून बादलीत डोकावेल. पहाटे निघणाऱ्या बायकांची नावं नोंदवावीत, ओळखपत्रं द्यावीत आणि ती शेड त्यांच्या ताब्यात द्यावी. सरकता पट्टा त्यांना नको असेल तर विकावा, भंगारात चांगला भाव येईल. रविवारच्या पाल्यासाठी बाजारामागे चार हौद बांधावेत. त्याला डीपीआर लागत नाही, गवंडी लागतो.

आपला नम्र,
प्रभागातील एक तीनशे ग्रॅम

सोबत :
१) आठवडी बाजाराचा नकाशा, हातानं काढलेला, म्हशीसह.
२) वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांची एक पिशवी. आपल्या उत्पन्नाच्या तक्त्यात सुक्या कचऱ्याला जो भाव धरला आहे, त्याप्रमाणे रक्कम रोखीनं मिळावी आणि या पत्राची पोच द्यावी.